गोफणीचा हाकारा

आमच्या शिरड शहापूरच्या जळबासारखी गोफण पंचक्रोशीत कुणाची फिरली नाही, असं जुनी माणसं आजही सांगतात. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला तो शेतातल्या माळ्यावर उभा राही आणि गोटा सुटताना 'हाऽऽ होऽऽ' असा हाकारा घाली. हाकाऱ्यावाचून त्याचा हात सुटतच नसे. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशात लढायला गेला, तेव्हा ही सवयही संगती गेली.

त्या सकाळी टेकडीवरच्या जपानी खंदकातून मशीनगन धडधडत होती. पलटणीची पुढची फळी कडब्यासारखी कापली गेली. जळबाचा गावचाच सोबती तातेराव उतारावर उघड्यात पडला होता. मांडी फुटलेली, हाड बाहेर. तो जरा हलला की गोळ्या त्याच्याभोवतीची माती उडवत. शेजारचे मुडदे पुन्हा पुन्हा फुटत होते.

हातानं फेकलेला बॉम्ब खंदकापर्यंत पोचत नव्हता. जळबानं पोटरीला गुंडाळलेली फौजी पट्टी सोडली, तिची गोफण केली, पिन उपटून बॉम्ब खटका दाबलेला राहील असा घट्ट गुंडाळला आणि भिरकावला. हात सुटताना तोंडातून हाकारा निघालाच!

गन गर्रकन त्याच्याकडे वळली. बॉम्ब अलीकडेच फुटला. जळबाच्या डाव्या हाताची दोन बोटं गोळीनं नेली.

"आरं जळब्या, इथं काय पाखरं हाकलून राहिला का? वरडतो काहून?" तातेराव कण्हत ओरडला.

पण जळबानं हेरलं होतं. गन वळली तेवढा वेळ तात्यावर एकही गोळी आली नव्हती.

"तात्या, पडून ऱ्हाय. आता मुद्दाम वरडतो!"

तो उठला. हाकारे देत आडवा पळाला, वर चढला. गन त्याच्यामागं फिरली. एक गोळी गालातून आरपार गेली, दात तुटले. हाकारा रक्तानं भरला, पण थांबला नाही. जवळून सुटलेला बॉम्ब बराबर खंदकाच्या तोंडात गेला. माती आणि मांस एकदमच उडालं. धुरातून एक जण तलवार उगारून आला. जळबानं त्याच्या पोटात संगीन घातली. ती निघेना, म्हणून बंदूक तिथंच सोडली. दुसरा अंगावर आला. त्याच्या गळ्याभोवती गोफणीची पट्टी आवळली, पाय झाडायचे थांबेपर्यंत.

मग तात्याला पाठीवर घेऊन तो उतार उतरला.

मोठ्या साहेबानं दवाखान्यात येऊन पदक लावलं, तेव्हा जळबाचं तोंड शिवलेलं होतं. नाव विचारलं, ते तातेरावानं सांगितलं. पाय कापलेला, तरी खाटेवर उठून बसून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं.