जुवाचा घट्टा आणि बाबांचं हृदय

गाववाल्यांनो, आज पोरीचा पीएचडीचा व्हायवा झाला. पास झाली!

परीक्षकांनी विचारलं, "हृदयाचाच विषय का घेतला?"

ती म्हणाली, "माझ्या आजोबांच्या प्रश्नासाठी."

१९८२ साली भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी माझ्या बाबांना सांगितलं होतं, "रक्तदाबाच्या ओझ्यानं तुमचं हृदय जाड झालंय, आत वण पडलेत."

आंबागडला धान पिकवणारे बाबा म्हणाले, "जुवानं बैलाच्या खांद्यावर घट्टा पडते, तसंच ना? पन मांसाले 'जाड हो' म्हनून सांगते कोन?"

डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या. बाबा लवकरच गेले, प्रश्न तसाच राहिला.

पेशींना तो निरोप देणारे रेणू आज पोरीनं फळ्यावर काढून दाखवले.

आता तुम्हीच सांगा, अर्धी डिग्री माझ्या बाबाची हाये का नाही?