मठाची सफेदी

"आंघोळ न केलेला नवरदेव अन् चुना न दिलेला मठ, दोघायकडंही पाह्यवत नाही," असं शालिग्राम एकदा भर पंचायतीत बोलला होता.

मेहकरच्या पलीकडे, त्याच्या गावात, यादवांच्या काळातला मठ होता. काळा दगड, दगडात दगड अडकवून केलेली जोडणी, मधे सभामंडप, दोन्ही अंगांना साधूंच्या अरुंद कोठड्या. बांधणाऱ्यांनी चुन्याचं बोटही लावलं नव्हतं. ती उणीव शालिग्रामच्या आजानं भरून काढली. दर शिवरात्रीला मठ पांढरा करायचा मान तेव्हापासून याच घराचा. आजा, बाप आणि शालिग्राम, तिघांनी मिळून खांबांवरच्या नर्तकींना इतके जाड अंगरखे चढवले, की त्या बायका आहेत हेच गाव विसरलं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे भगवंतराव मठ पाहायला आले आणि म्हणाले, "हा सगळा मळ खरवडून काढा."

मळ! शालिग्रामच्या जिव्हारी लागलं. त्यात खरवडायचं काम त्यालाच सांगितलं, कारण तेवढी उंच शिडी गावात त्याच्याकडेच होती.

"जा नं," बायको कोकिळा म्हणाली. "लावतानी मान होता, मंग काढतानी काऊन लाज? दुसरा कोणी आला तं देवाचे कानच काढून ठेवन."

तो गेला. आधी त्याचे स्वतःचे थर निघाले, मग बापाचे, मग आजाचे निळीची झाक असलेले. चौथ्या दिवशी खांबाच्या माथ्यावर छत तोलून धरणारा एक बुटका यक्ष उघडा पडला, आणि शालिग्रामचा हात थांबला. त्या यक्षाचं नाक बापानं बसवलेलं होतं. शिडीचा धक्का लागून मूळचं मोडलं, तेव्हा चुना, बेलफळाचा गर आणि काळ्या दगडाचा भुगा मळून बापानं नवं घडवलं, आणि वाळल्याबरोबर वरून सफेदी मारली. ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती.

शालिग्रामला खाली उतरवून भगवंतराव शिडी चढले. भिंग काढलं. खाली जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे नाक पाहा! आठशे वर्षांचं! असा हात आज कोणाचा आहे? आणि तुम्ही त्याच्यावर मळ थापत बसलात."

"बोल बे शालिग्राम," जमलेल्यांतला अर्जुनराव खिदळला, "तुह्या बापाले जमलं असतं का असं नाक?"

शालिग्रामनं वर पाहिलं. सांगितलं तर बापाचं नाव होईल, आणि नाक मळात धरून खरवडलं जाईल. त्यानं ओठांवरचा चुना उपरण्यानं पुसला, हातातली खरवडणी पायरीवर ठेवली, आणि ठेंगण्या दारातून वाकून तो बाहेर पडला.