खळ्यातली मेट्रो

जिथे भुयार नाही, रूळ नाहीत, शहरच नाही, तिथे मेट्रो उभी करणारा माणूस पृथ्वीवर एकच झाला, आणि ते माझे फुफाजी. फुफाजी म्हणजे आत्याचे यजमान. गोरेगाव या आमच्या तालुक्याच्या गावापासून मोटारसायकलने वीस मिनिटांवर त्यांचं गाव. घरची धानाची शेती, आणि डोक्यात कायम काहीतरी खदखदत असलेलं.

या खुळाला कारण घडलं होतं. दोघं लेकीकडे मोठ्या शहरात गेली होती. तिथल्या भुयारी मेट्रोत फुफाजी चढले, आत्या सोडायला आलेल्या जावयाला ‘येतो बरं’ म्हणायला वळली, आणि दार लागलं! आमच्याकडे निरोपाला पाऊण तास लागतो. एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘झालं का बाई?’ विचारून घंटी मारतो. काचेपलीकडे आत्या, अलीकडे फुफाजी, आणि गाडी चालू. पुढच्या स्टेशनावरून ते परत आले, पण आत्याने तिथेच जाहीर केलं की या शहरात पुन्हा पाय ठेवणार नाही.

दुसऱ्या कोणी बायकोची समजूत काढली असती. फुफाजी म्हणाले, "गाडी सुदरली पायजे, बाई काऊन सुदरल?" आणि त्यांनी मेट्रोच्या कचेरीला पत्रं धाडायचा सपाटा लावला. उभ्यानं धरायच्या कड्या आत्याच्या उंचीला आणा. तांदळाच्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, वेगळी जागा द्या. भुयाराच्या भिंतींवर धानाच्या बांध्या, म्हणजे हिरवी खाचरं, रंगवा, नाहीतर अंधाऱ्या भोकात माणसानं पाहावं काय? आणि मुख्य म्हणजे, सगळ्यांचा निरोप झाल्याशिवाय दार लावू नका. उत्तर काही आलं नाही. मग त्यांनी स्वतःच खळ्यात डबा बांधला, पुऱ्या मापाचा! बांबूचा सांगाडा, वर टिना, गाद्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेलं, आणि सरकती दारं विणलेल्या बांबूच्या टट्ट्याची. दाराची दोरी माझ्या हातात. फुफाजी सात आकडे मोजणार, सातला मी दोरी ओढणार.

देवा, काय त्या तालमी! अख्खा गाव चढायला हजर, पण चढेल तर शपथ. माजी सरपंच म्हणायचे, आधी तुम्ही; गुरुजी म्हणायचे, छे, आधी तुम्ही. सातव्या आकड्याला सरपंचांचं धोतर आत आणि सरपंच बाहेर. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. "हे गाडी जाते कोठी?" तिने विचारलं. "कोठीच नाही जात," फुफाजी म्हणाले, "म्हनूनच त भेव नाही." ती काही उठली नाही.

अशात लेकीचे दिवस भरत आले. "आई, येशील ना?" असा तिचा फोन रोज यायचा आणि आत्या पदराने डोळे पुसत विषय बदलायची. एकदा मात्र पिशवी घेऊन ती डब्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. एक, दोन, तीन... सात. पाय उचलेना. पुन्हा एक, दोन. अकरा वेळा झालं. फुफाजींचा आवाज रडवेला झाला. तेवढ्यात तणसाच्या वासाने शेजारचं गोऱ्हं डब्यात शिरलं आणि गादी ओढू लागलं. "अरे मेल्या!" म्हणत आत्या तिसऱ्या आकड्याला आत! मी दोरी ओढली. आत आत्या, गोऱ्हं आणि शिव्या, बाहेर फुफाजी नाचतायत, "चढली! चढली!"

पंधरा दिवसांनी खऱ्या मेट्रोतही ती चढली. फुफाजीच फलाटावर राहिले, मागच्या म्हाताऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हणत होते म्हणे. पुढच्या स्टेशनावर आत्या बाकावर निवांत बसलेली सापडली.

नात झाली. धान कापणीला फुफाजी एकटेच परत आले. आत्या तिकडेच आहे. नातीला कडेवर घेऊन मेट्रोने दवाखान्यात जाते, बाजारात जाते, नवख्या बायकांना हात देऊन चढवते. फोनवर हे सगळं सांगताना ती इतकी खूश असते की ‘कधी येतेस?’ हे फुफाजींच्या तोंडून निघत नाही.

परवा गेलो तर ते खळ्यातल्या डब्यात बसले होते. शेजारच्या गादीवर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकून जागा धरलेली. बकऱ्या आत यायला लागल्या, म्हणून मी दोरीला हात घातला.

"राहू दे बाबू," फुफाजी म्हणाले. "तुयी आत्या चढाची हाये."