सुकांतीकाकीने वाळवलेली सालं

दुपारचे अडीच. रोगाची लागण करून चौदा दिवस पुरे झालेत, चार वाजता टाक्यांतली जिताडा माशाची पिल्लं मोजायची आहेत. हवेचा पंप घुमतोय आणि मी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर भिंतीला टेकून बसले आहे. डोळे मिटलेत की उघडे आहेत, नीट कळत नाही.

"झोपलंस काय गो?"

समोर सुकांतीकाकी बसली आहे. माझी सख्खी चुलती. तीस वर्षं कारखान्यात कोलंबी सोलली तिने, आणि श्रावणात गेली. पायांत गमबूट, केसांवर जाळीची टोपी. ती आता नाही हे मला ठाऊक आहे, तिलाही. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

टाक्यांच्या जागी सोलायची लांब टेबलं आहेत. पायाखालून बर्फाचं पाणी वाहतंय. ती सोलते, मी सालं गोळा करते.

तीन वर्षं दर शनिवारी काकी एसटीने सालांची पिशवी आणून देत असे. प्रयोगासाठी मी सालांपासून बारीक कण बनवत असे; इतर कुठल्याही सालांचे कण गुठळ्या धरायचे. काकीने त्याच दिवशी धुऊन सावलीत वाळवलेल्या सालांचे तेवढे सुटे व्हायचे. एकदा तिने विचारलं होतं, "ह्येचा करतंस काय?" मी घाईत म्हटलं, "तुका नाय कळाचा." तिने पुन्हा विचारलं नाही. पिशवी मात्र येत राहिली.

"आता सांग," ती म्हणते. "माका घाय नाय."

मी सांगते. जिताड्याच्या पिल्लांना एक रोग होतो, टाकीच्या टाकी मरते. त्यावरची लस डीएनएची आहे, रोगाच्या विषाणूची ओळख त्यात लिहिलेली. नुसती खाऊ घातली तर ती पोटातच नासते. म्हणून सालांपासून काढलेल्या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे, त्यांत ती ठेवायची आणि खाद्यातून द्यायची.

"म्हंजे डबो."

"डबोच."

"आणि रिकामो डबो?"

"पोटातच विरघळता. मागे काय उरणा नाय."

काकीचे हात थांबतात. "बरा हा," ती म्हणते. "तसाच जावक व्हया."

आता आम्ही तिच्या पडवीत आहोत. समुद्र पायरीपर्यंत आलाय, त्यात जिताड्याची पिल्लं फिरतायत.

"तुझ्यामुळे झाला काकी. मी तुका कधी सांगलंयच नाय."

कुणी कौतुक केलं की काकी ते हसून उडवून लावायची. आज ती हसत नाही.

"परत म्हण."

मी परत म्हणते. ती डोळे मिटून ऐकते, शेवटच्या शब्दापर्यंत. मग माझं मनगट धरते.

"ऊठ. मासे मोज."

मी जागी होते. चार वाजलेत. पाण्यात मी अजून हात घातलेला नाही, तरी डाव्या मनगटावर चार बोटांच्या ओल्या, गार खुणा आहेत.

उजव्या हाताने मोजते. लस दिलेल्या टाकीत पन्नासांपैकी एकेचाळीस जिवंत. लस न दिलेल्या टाकीत सहा. आकडे वहीत लिहून होतात. डावा हात मी पुसलेला नाही. बोटांच्या चारही खुणा अजून ओल्या आहेत.