खिडकीबाई मेली नव्हती

गावाबाहेरच्या टेकडीवर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं ते मोठं घर आता हॉटेल झालं आहे. झालं तर झालं. नातवंडं परदेशी गेली, छप्पर गळायला लागलं, घर विकलं गेलं. यात रागावण्यासारखं काही नाही. माझा संताप आहे तो नव्या लोकांनी त्या घराला चिकटवलेल्या इतिहासावर. रोज दुपारी चहाच्या वेळी मॅनेजर दिवाणखान्यात उभा राहतो आणि पाहुण्यांना रंगवून सांगतो, की इथल्या एका तरुण मोलकरणीचा धाकट्या मालकांवर जीव जडला होता. त्यांचं लग्न ठरल्यावर तिने वरच्या खिडकीतून उडी घेतली, आणि अजून ती त्या खोलीत फिरते. पाहुणे शहारतात आणि आणखी एक कप चहा मागवतात.

ती मोलकरीण तेव्हा हॉटेलच्याच मागच्या खोलीत त्या पाहुण्यांच्या चादरींना इस्त्री करत असायची.

घरात तिला सगळे खिडकीबाई म्हणत, कारण काचा पुसणं हे तिचं काम. भिंतीलगत मालकीणबाईंचे गुलाब होते. शिडी टेकवली की ते चिरडायचे, म्हणून त्या घरात शिडीला बंदी. मग काचा बाहेरून पुसायच्या कशा? खिडकीच्या कठड्यावर बसायचं, पाठ बाहेर, एका हाताने चौकट धरायची आणि दुसऱ्याने काच घासायची. येणारेजाणारे खालून बघत. कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. एका सकाळी तिचा ओला हात निसटला.

माझे यजमान इथले डॉक्टर होते. तिचा मोडलेला पाय त्यांनी बसवला, तेव्हा तिचे खांदे मी धरून होते. पाय जरा आखूड राहिला. मालकीणबाई विचारपूस करायला आल्या नाहीत. त्यांनी काचा दुसऱ्या मुलीवर सोपवल्या आणि तिलाही शिडी दिली नाही.

खिडकीबाई मात्र हा प्रसंग हसून सांगायची. "अहो डॉक्टरीणबाई, पडले मी आणि बोंबलला तो माळी! 'माझे गुलाब, माझे गुलाब!' म्हणून. मग कुठे मेल्याचं लक्ष माझ्याकडे गेलं." पुढे त्याच माळ्याशी तिचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी झाली. ती आता विमा कचेरीत कारकून आहे. माळी जाऊन काही वर्षं झाली.

मागच्या महिन्यात कचेरीतल्या मंडळींबरोबर मुलगी त्या हॉटेलात चहाला गेली आणि तिने ती गोष्ट ऐकली. खिडकी तीच, घर तेच. गोष्टीतली मोलकरीण कोण, हे तिच्या लगेच लक्षात आलं. ती तशीच उठून इस्त्रीच्या खोलीत आली. मी तिथे गप्पा मारत बसले होते.

"आई, खरं सांग. धाकट्या मालकांचं आणि तुझं... माझे बाबाच माझे बाबा ना?"

खिडकीबाईच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. चादर करपल्याचा वास आला तेव्हा मीच ती उचलून बाजूला ठेवली. जन्मभर मान खाली घालून काम केलेल्या बाईला म्हातारपणी पोटच्या मुलीने हा प्रश्न विचारावा, तो कुणाच्या करमणुकीपायी?

खिडकीबाई तडक मॅनेजरकडे गेली. आम्ही दोघी तिच्या मागोमाग.

"मावशी, मनाला कशाला लावून घेता?" तो म्हणाला. "आम्ही तुमचं नाव कुठे घेतो?"

"नाव नाही घेत, जीवच घेता की!"

"पाहुण्यांना आवडतं हो. फक्त एक करा, चहाच्या वेळी पुढच्या बाजूला येत जाऊ नका."

हे ऐकल्यावर ती थांबली नाही. लंगडत दिवाणखान्यात गेली आणि भरल्या टेबलांच्या मधोमध उभी राहिली. "उडीबिडी मी मारली नाही," ती म्हणाली. "गुलाब मोडू नयेत म्हणून मला शिडी दिली नव्हती. हात निसटला आणि पडले. धाकटे मालक माझ्याशी कधी शब्दही बोलले नाहीत."

मग टाळ्या! चक्क टाळ्या पडल्या. "अगदी खरं वाटलं हो," म्हणत एका बाईंनी तिला एकदा भुतासारखं रडून दाखवायला सांगितलं. मॅनेजरचा चेहरा उजळला. "मावशी, हे रोज कराल का? पांढरे कपडे आम्ही देऊ."

मी तोंड उघडायच्या आत मुलगी आईशेजारी जाऊन उभी राहिली. "ही माझी आई आहे," ती मोठ्याने म्हणाली. "आणि माझे बाबा या बागेत माळी होते. वाजवा आता टाळ्या."

कुणी वाजवल्या नाहीत. बऱ्याच जणांना एकाएकी आपल्या कपात बघावंसं वाटलं.

खिडकीबाईने कमरेचा एप्रन सोडला आणि मॅनेजरच्या हातात दिला. "उद्यापासून चादरींची इस्त्री भुताकडून करून घ्या," ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून पुढच्या दाराने बाहेर पडली.