रिकाम्या प्लॉटवरची पिशवी

रिकाम्या प्लॉटवरच्या पिशवीबद्दल मी कॉलनीच्या ग्रुपवर जे लिहिलं, ते खोटं होतं. लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण खरं आहे हे तरी कुठे माहीत होतं? आणि कळल्यावर मी गप्प बसलो. मला जास्त खाते ती ही दुसरी चूक.

आमची कॉलनी खजरान्याच्या पलीकडे, शांत. दुपारी तीन घरं सोडून कुकरची शिट्टी झालेली ऐकू येते. पण देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदुरात कचऱ्याची गोष्ट साधी नसते. सकाळी गाणं वाजवत गाडी येते आणि ओला-सुका वेगळा केलेल्या बादल्या घेऊन सगळी कॉलनी फाटकाशी उभी राहते. अशा ठिकाणी प्लॉटच्या भिंतीशी रोज गाठ मारलेली एक पिशवी दिसू लागली. मी समितीचा सचिव, त्यामुळे जो तो मलाच विचारू लागला.

प्लॉटसमोरच्या घरात, तळमजल्यावर, एक नर्स भाड्याने राहत होती. देवासच्या मराठी घरातली, एकटी. नाइट ड्यूटीहून ती परते तोवर गाडी निघून गेलेली असायची. एवढ्यावरच मी लिहिलं, "जिन्हें गाड़ी का टाइम नहीं जमता, वे प्लॉट को डस्टबिन न समझें." नाव घालायची गरजच नव्हती.

रविवारी बगिच्यात मीटिंग झाली. कोपऱ्यावरच्या घरातले भिया, म्हणजे आमच्या इंदुरी बोलीतले भैया, म्हणाले, "मॅडमजी, पूरे शहर में नाक कटवाओगी क्या?"

ती माझ्याकडे वळली. "दादा, माझा ओला कचरा फ्रीजरमध्ये असतो. सुट्टीच्या दिवशी गाडीत टाकते. येऊन बघा ना."

"फ्रीजर में! आइसक्रीम के बाजू में?" भियांनी विचारलं.

सगळे हसले. मीही हसलो. वरच्या मजल्यावर राहणारे तिचे घरमालक मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं. रात्रपाळीच्या एकट्या बाईला घर द्यायला लोक किती का-कू करतात, हे मला माहीत होतं. ती राहायला आली तेव्हा समितीतर्फे तिची चौकशी मीच केली होती.

त्यानंतर एका सकाळी गच्चीवर पाणी बघायला गेलो, तर खाली माझे बाबा आमच्या फाटकाबाहेर पडताना दिसले. हातात पिशवी. ते प्लॉटशी गेले, पिशवी भिंतीशी ठेवली, हात जोडले.

मी धावत खाली आलो. "बाबा, काय ठेवलंत तिथे?"

"गोग्रास. तुझी आई ठेवायची ना. ती गेली, आता कोण ठेवणार?"

"पण गायी कुठे राहिल्यात शहरात? कधीच्याच बाहेर नेल्या."

"काहीतरीच! मग रोज संपतं कसं?"

सफाईवाले उचलतात, हे सांगायला माझी जीभ रेटेना. बाबांचं अलीकडे विसरणं वाढलं होतं. आम्ही ते घरातसुद्धा मोठ्याने बोलत नव्हतो. बगिच्यातलं ते हसणं त्यांच्या वाट्याला येईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझ्याच अब्रूची भीती वाटत होती. सचिवाच्याच घरची पिशवी!

मग मी रोज बाबांच्या मागोमाग जाऊन, इकडेतिकडे बघत, पिशवी उचलून आणू लागलो. प्लॉट स्वच्छ झाला. ग्रुपवर लगेच आलं, "देखा? घर खाली करने को बोला और थैली बंद." माझ्या चोरीने तिच्यावरचा आळ पक्का केला होता. तिच्या ओट्यावर खोकी रचली जाऊ लागली. येता-जाता ती मला "नमस्कार दादा" म्हणायची, आणि मी मोबाइल काढून बघत बसायचो.

महिना संपत आला. एका सकाळी गाडी उशिरा आली. सगळे बादल्या घेऊन बाहेर, तिचे घरमालकही. तेवढ्यात तिची स्कूटर वळणावर दिसली. माझ्या एका हातात बादली होती, दुसऱ्यात बाबांची पिशवी. बाबा फाटकाशी उभे होते.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "भिया, गाना बंद करो जरा."

त्याने गाणं बंद केलं. पिशवी वर धरून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ये हमारे घर की है. गाय के लिए बाबा रखते थे. मुझे पता था, मैं चुप रहा. मॅडम ने कभी कुछ नहीं फेंका."

कुणी हसलं नाही. घरमालकांनी एकदा बाबांकडे बघितलं, मग तिला म्हणाले, "मॅडमजी, सामान खोल लो."

हेल्मेट हातात घेऊन ती माझ्याकडेच बघत होती. बाबांनी पुढे येऊन माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. गोग्रास गाडीत जाईल अशी त्यांना भीती वाटली असावी.

मी तिच्यासमोर गेलो. "मी न बघता लिहिलं, आणि बघितल्यावर लपवलं. त्या दिवशी तुम्ही फ्रीजर बघायला बोलावलंत, तेव्हा मी हसलो. माझं चुकलं, ताई. मला माफ करा."