व्हिएतनामला जाण्याआधी

आमच्या वयाची माणसं काशीला जातात, फार तर दुबईला. आम्ही दोघं पाठीवर सॅक लावून व्हिएतनामला निघणार हे कळल्यावर सावेडीतल्या आमच्या सोसायटीला बोलायला विषय मिळाला. "टूरबरोबर का नाही जात?" असं जो तो विचारी आणि मी हसून वेळ मारून नेई. खरं सांगायची लाज नव्हती, पण ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा जसा पडायचा, तो मला बघवत नसे.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काचबिंदू आहे. नजर कडेकडेने विझत चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. बांगडीतून बघावं तसं, आणि ती बांगडी दर तपासणीला आणखी लहान होते. "गेलेलं परत येत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या," असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर, रिक्षा मिळायच्या आत हे म्हणाले, "मला व्हिएतनामची भातखाचरं बघायचीत. डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत आलेली." चहाशिवाय कधी काही न मागणारा हा माणूस. मी नाही कशी म्हणणार?

टूर त्यांनाच नको होती. झेंडा धरून पळणाऱ्या माणसामागे पळणं जमणार नाही, एका जागी बसून डोळे भरून बघायचंय, असं त्यांचं म्हणणं. सॅक पाठीवर असली की हात मोकळे राहतात, म्हणजे एक हात माझ्या हातात देता येतो. ठरलं, की खाचरांत पाणी भरतात त्या दिवसांत, लगेच जूनमध्ये जायचं.

मी पदर खोचून कामाला लागले. वाचनालयातून प्रवासवर्णनं आणली, तिथल्या लढाईचा इतिहास आणला, एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक विकत घेतलं. बारीक अक्षर ह्यांना झेपत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी मोठ्याने वाचायचे आणि हे डोळे मिटून ऐकायचे. "उघडे ठेवा की," असं मी म्हटलं, तर म्हणायचे, "नजर शिल्लक टाकतोय." एका पुस्तकात होतं, की तिथलं धुकं कधीकधी आठवडाभर उठत नाही. ते पान मी न वाचताच उलटलं.

मे महिन्यात सराव म्हणून आम्ही ह्यांच्या गावी, राजूरला गेलो. दोन्ही सॅकमध्ये वजनासाठी बाजरी भरली आणि गावामागचा डोंगर चढायचं ठरवलं. थोरले दीर ओट्यावरून बघत होते. "अरं, भातच बघायचा तर पावसाळ्यात ये. हितं लई हाय. इमानात कशाला बसतो?" हे म्हणाले, "इथला बघून झालाय, दादा."

आणि वर चढताना ह्यांनी माझा हात धरलाच नाही. तरातरा पुढे गेले. बरोबर जागी वळले, कोरड्या ओढ्यातले दगड ओलांडले, खाली वाकलेल्या फांदीखालून गेले. मी मागे धापा टाकत होते आणि रडतही होते. इतके दिवस मी देव पाण्यात घालून बसले होते, मला वाटलं पावला. औषधाचे थेंब लागू पडले!

मग मला शहाणपण सुचलं. सगळ्या पुस्तकांत लिहिलं होतं, की भात पिवळा होतो तेव्हाच तो देश बघावा. आता घाई कशाला, असं म्हणून मी जूनचा बेत मोडला आणि सप्टेंबरअखेरची तिकिटं काढली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी हे पॅसेजमध्ये ठेवलेल्या सॅकला अडखळून तोंडावर पडले. लख्ख उजेड होता. सॅक केशरी रंगाची.

"अहो, एवढी मोठी सॅक दिसली नाही?"

"नाही."

"मग डोंगर कसा चढलात?"

"तिथं बघावं कुठं लागतं? लहानपणापासून चढतोय. वाट पायाखालची आहे."

मी तिथेच फरशीवर बसले. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं तरी मी भांडले. तेव्हाच सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?

"तू किती खूश होतीस," हे म्हणाले.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. बांगडीची आता अंगठी झाली होती. सप्टेंबरअखेर किती उरेल, ते सांगायला तयार नव्हते. विमान कंपनी तारीख बदलून देईना.

घरी आल्यावर काय करावं ते सुचेना. पुस्तक उघडून मी वाचायला लागले, जोरजोरात, खाचरं, ढग, म्हशी, जे समोर येईल ते. ह्यांनी चाचपत पानावर हात ठेवला.

"आता नको वाचूस."

"का?"

"तिथं थोडंफार जे दिसेल ते माझं असू दे. पुढं अंधारात बसून आठवेन, तेव्हा मी बघितलेलं कुठलं आणि तू वाचलेलं कुठलं, ते कळलं पाहिजे मला."

मी पुस्तक मिटलं. जायला अजून महिना आहे. रोज सकाळी हे डोळे उघडतात, तेव्हा काही न बोलता मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते आणि ते माझ्याकडे बघतील याची वाट बघते.